कोयासानच्या वाटेवरची ओस घरे

जपानच्या वाकायामा प्रांतात कोयासान नावाचा डोंगर आहे. इ. स. ८१६ मध्ये कूकाई या भिक्खूला तो डोंगर विहारासाठी मिळाला आणि पुढे शिंगोन पंथाचे ते मुख्य पीठ झाले. याच डोंगरावरील कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. त्यामुळे जपानला जाणाऱ्या आपल्या माणसाला हा डोंगर चुकवून परत येणे बरे वाटत नाही. नागपूरकरांना तर भदन्त सुरेई ससाई यांच्यामुळे जपान तसा परका नाहीच. आम्ही अकरा जण गेलो होतो. त्यात निम्मे पेन्शनर, दोन नर्सभगिनी आणि नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आयुष्य काढलेल्या एक मावशी होत्या.

ओसाका शहरातील नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेची गाडी निघते. हाशिमोतोपर्यंत इमारती, कारखाने, शाळा दिसत राहतात. त्यानंतर गाडी एकेरी रुळावरून डोंगर चढू लागते. दोन्ही बाजूंना काकीच्या बागा लागतात. काकी हे नारिंगी रंगाचे गोड फळ, आपल्या तेंदूच्या कुळातले. बागांच्या मध्ये काळ्या कौलांची ऐसपैस लाकडी घरे आहेत. लांबून पाहिले तर चित्रातल्यासारखे गाव वाटते. जवळून पाहिले की पडदे ओढलेले, टपालपेटीचे तोंड चिकटपट्टीने बंद केलेले, अंगणात गुडघाभर गवत आणि झाडाखाली काकीचा सडा. ती फळे उचलायलाही कोणी नाही.

मावशींनी खिडकीला नाक लावून विचारले, "एवढी चांगली घरं टाकून माणसं गेली कुठं?"

आमच्याबरोबरचा दुभाषी तरुण म्हणाला, "मुलं शहरात गेली, मावशी. म्हातारी माणसं वारली."

"मग विकत का नाहीत?"

"घेणार कोण?"

मावशी गप्प झाल्या. नायगावच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत त्यांनी सात माणसांचा संसार केला. रात्री पुरुष मंडळी गॅलरीत झोपत. त्यांच्या तोंडून पुढचे वाक्य निघायला वेळ लागला यात नवल नाही.

अशा रिकाम्या घराला जपानी लोक 'अकिया' म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात अशी ९० लाख घरे निघाली, म्हणजे शंभरातली जवळजवळ चौदा. वाकायामा आणि तोकुशिमा या दोन प्रांतांत तर पाचातले एक घर रिकामे आहे. यात भाड्याने द्यायची, विकायला काढलेली घरेही मोजलेली आहेत. पण ना भाड्याची, ना विक्रीची, नुसतीच पडून असलेली घरेच ३८ लाखांच्या वर भरतात. लोकसंख्या २००८ पासून घटते आहे हे त्याचे एक कारण. पण तेवढेच कारण असते तर तोकियोतही घरे स्वस्त झाली असती. तोकियोच्या मुख्य २३ विभागांत २०२३ साली नव्या फ्लॅटची सरासरी किंमत १० कोटी येनच्या वर गेली. एकाच देशात एकीकडे घर फुकट घ्या म्हणून विनवणी आणि दुसरीकडे जन्मभर राबूनही फ्लॅट परवडत नाही. हे आपोआप झालेले नाही. त्यामागे कायदे आहेत, कर आहेत, कर्जे आहेत.

प्रथम घरपट्टीचे घ्या. तिथे २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवर घर उभे असेल तर करासाठी त्या जमिनीची किंमत एक षष्ठांशच धरतात. सामान्य माणसाला घर राखता यावे म्हणून ही सवलत. हेतू चांगलाच. पण मोडके घर पाडले की सवलत गेली, जमिनीचा कर वाढला, शिवाय पाडण्याचा खर्च वेगळा. मग वारसदार काय करील? घर पडायला आले तरी तसेच उभे ठेवील. २०१५ साली लागू झालेल्या कायद्याने धोकादायक रिकाम्या घरांची ही सवलत काढून घेण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला आणि डिसेंबर २०२३ पासून नीट न राखलेल्या घरांनाही तो लागू झाला. इतकी वर्षे मात्र करानेच ओसाड घरे सांभाळली.

दुसरे असे की तिथे घर म्हातारे होते, जमीन होत नाही. लाकडी घराचा घसारा हिशेबाला २२ वर्षांचा धरतात आणि बाजारही तोच आकडा मनात धरून चालतो. वीस-पंचवीस वर्षांनी घराची किंमत जवळजवळ शून्य आणि राहील ती फक्त जमिनीची. १९८१ मध्ये भूकंपाचे नियम कडक झाले, तेव्हा त्याआधीची घरे तर आणखीच नावडती झाली. आपल्याकडे बापाने बांधलेले घर म्हणजे मुलाची पुंजी. तिकडे बापाने बांधलेले घर म्हणजे मुलाच्या गळ्यातले लोढणे.

आता कर्जाची गोष्ट. ही गोष्ट आपल्या हप्ते भरणाऱ्या कुटुंबांनी सावकाश वाचावी.

१९८५ साली बड्या देशांच्या करारानंतर येन महाग झाला, निर्यातीला फटका बसेल या भीतीने जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवत १९८७ मध्ये अडीच टक्क्यांवर आणला. पैसा स्वस्त झाला. बँका जमीन तारण ठेवून कर्ज देत, त्या कर्जातून पुन्हा जमीन घेतली जाई, भाव चढे, चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. जमीन कधी उतरत नाही, असा जणू धर्मच झाला होता. तोकियोतील राजवाड्याच्या जागेच्या किमतीत अख्खे कॅलिफोर्निया राज्य येईल असे लोक त्या काळी बोलत. नोकरदार माणसाने मग घर घ्यायचे कुठे? दीड-दोन तास गाडीने दूर आणि तेही बाप फेडील, उरले तर मुलगा फेडील अशा दोन पिढ्यांच्या कर्जावर.

मग सरकारला जाग आली. मे १९८९ पासून व्याजदर वाढू लागला, ऑगस्ट १९९० मध्ये तो सहा टक्क्यांवर गेला. मार्च १९९० मध्ये अर्थखात्याने जमीनजुमल्याच्या कर्जांवर मर्यादा घातली. शेअरबाजार आधीच कोसळला होता, १९९१ पासून जमीनही उतरू लागली. देशभरातील जमिनीचा सरासरी सरकारी भाव १९९२ पासून २००६ पर्यंत सलग पंधरा वर्षे दर वर्षी खाली आला. सहा मोठ्या शहरांत राहत्या जमिनीचा भाव निम्म्याहून खाली गेला आणि व्यापारी जमिनीचा पाचव्या भागाहूनही खाली.

भाव उतरले म्हणजे गरिबाला घर मिळाले, असे आपल्याला वाटेल. ज्याच्या हातात रोख होती त्याला मिळाले. ज्याने चढत्या भावात कर्ज काढले होते त्याचे घर तीन कोटींचे दीड कोटींचे झाले, कर्ज मात्र तीन कोटींचेच राहिले. घर विकूनही तो मोकळा होईना. त्यातही सरकारची एक करणी फार वाईट. बाजार सावरावा म्हणून सरकारी गृहकर्ज महामंडळाने नव्वदच्या दशकात 'युतोरी' कर्जांचा मोठा प्रसार केला. युतोरी म्हणजे ऐसपैसपणा, निवांतपणा. पहिली पाच वर्षे हप्ता अगदी हलका, पुढे एकदम चढणारा. पगार वाढतच राहील हे गृहीत धरून ही आखणी होती. पाच वर्षे संपता संपता १९९७-९८ ची मंदी आली, ओव्हरटाइम बंद झाला, बोनस कापले, माणसे घरी बसली आणि नेमका तेव्हाच हप्ता चढला. २००० साली ही योजना बंद करण्यात आली. पडत्या भावाचा भार ज्यांच्या खांद्यावर ढकलला, ते पहिल्यांदाच घर घेणारे कामगार आणि कारकून होते.

बड्यांचे काय झाले? लहान माणसाला गृहकर्ज देण्यासाठी सत्तरच्या दशकात बँकांनी 'जूसेन' नावाच्या कंपन्या काढल्या होत्या. पुढे बँका स्वतःच गृहकर्जे देऊ लागल्या, तेव्हा या कंपन्यांनी आपला पैसा बिल्डर आणि जमिनीच्या सट्टेबाजांकडे वळवला. भाव पडताच त्या बुडाल्या. १९९६ साली त्यांचा खड्डा बुजवायला ६८,५०० कोटी येन सरकारी तिजोरीतून घातले गेले. लोक संतापले, संसदेत धरणे झाले, तरी पैसे गेलेच. युतोरीच्या कर्जदारासाठी असा खड्डा कोणी बुजवला नाही.

एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. युद्धानंतर १९५५ मध्ये सरकारने गृहनिर्माण महामंडळ काढले आणि शहरांभोवती 'दान्ची' नावाच्या भाड्याच्या वसाहती बांधल्या. सुमारे ४०० चौरस फुटांत दोन खोल्या, जेवायला बसता येईल असे स्वयंपाकघर, घरात संडास आणि न्हाणी. आपले गिरणी कामगार तेव्हा गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापुढे रांग लावून उभे होते, हे आठवावे. त्या महामंडळाच्या वारसदार संस्थेकडे आजही लाखो घरे आहेत. खासगी घरमालक तिथे 'रेइकिन' नावाची परत न मिळणारी रक्कम घेतो, जामीनदार मागतो. थोडक्यात, पागडीचा धाकटा भाऊ. या सरकारी घरांना ते काहीच लागत नाही. सरकारने मनावर घेतले तर घर हा बाजाराचा माल न राहता माणसाचा निवारा होतो, याचा तो चालता-बोलता पुरावा आहे. तोकियोबाहेरच्या तामा वसाहतीत आम्ही एक दुपार हिंडलो. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत बहुतेक म्हातारीच माणसे राहिली आहेत. पण कोणी बेघर नव्हते.

कोयासानला निघण्याआधी आम्ही क्योतोत दोन दिवस होतो. लोक तिथे सोन्याचे मंदिर पाहायला जातात. आम्हाला पाहायची होती रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटांवरची सुजिन वस्ती.

आपल्या वाचकांना बुराकू समाज माहीत आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, दहन-दफनाची कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारली आणि त्यावरूनच ज्यांना अपवित्र ठरवले, ते जपानचे अस्पृश्य. वर्णाने, भाषेने, चेहऱ्याने ते इतर जपान्यांहून तिळभरही वेगळे नाहीत. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून त्यांची अस्पृश्यता रद्द केली. हुकुमाने माणसे बदलली नाहीत. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोतच त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. तिकडे हे घडत होते आणि इकडे पाच वर्षांनी महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेतले.

चेहऱ्यावरून जात ओळखत नाही, मग ओळखतात कशावरून? पत्त्यावरून. बुराकूची जात त्याच्या राहत्या जागेला चिकटलेली आहे. म्हणून त्यांच्या दुःखात जमिनीचा भाव हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

सुजिनमध्ये एक दुमजली लाकडी इमारत जपून ठेवली आहे. ती यानागिहारा बँकेची. बुराकू माणसाला कर्ज द्यायला कोणी तयार नव्हते, म्हणून वस्तीतल्याच कातडी व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी १८९९ मध्ये पैसे जमवून स्वतःची बँक काढली. वस्तीचा उद्योग आणि शाळा तिने उभी केली. १९२७ च्या आर्थिक संकटात ती बुडाली. रस्ता रुंद करताना इमारत पाडली जाणार होती. वस्तीने ती वाचवली, बाजूला हलवली आणि १९९७ मध्ये तिथे संग्रहालय झाले. बँकेचे ते लाकडी काउंटर पाहताना आमच्या गटातल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने बराच वेळ तिथून पाय हलवला नाही.

१९६९ ते २००२ या तेहतीस वर्षांत जपान सरकारने खास कायद्याखाली बुराकू वस्त्यांवर प्रचंड पैसा खर्च केला. झोपड्या जाऊन काँक्रीटच्या इमारती आल्या, रस्ते, गटारे, दवाखाने, शिष्यवृत्त्या आल्या. हे काही थोडे नाही. पण त्यातही एक गाठ बसली. सरकारी घरांचे भाडे पुढे उत्पन्नाप्रमाणे ठरू लागले. ज्या मुलामुलींना चांगल्या नोकऱ्या लागल्या त्यांचे भाडे चढले. त्या भाड्यात बाहेर चांगले घर मिळते, आणि पत्त्याचा डागही सुटतो. शिकलेली कुटुंबे निघून गेली, मागे म्हातारे आणि गरीब राहिले. सुजिन एकेकाळी गजबजलेली वस्ती होती. आता जुन्या इमारती पाडल्या आहेत, उरलेल्यांना नव्या इमारतींत हलवले आहे आणि २०२३ मध्ये त्या जागेवर क्योतोचे कला विद्यापीठ आले. स्थानकाजवळची ती जागा, जिच्याकडे पूर्वी कोणी वळून पाहत नव्हते, आता मोलाची झाली. मोल आले तेव्हा मूळचे लोक किती उरले होते, हे सांगायला नको. आपल्याकडे दलित वस्तीच्या जागेवर टॉवर चढतो तेव्हा आपण हेच पाहतो.

१९७५ मध्ये उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची छापील यादी गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता यादीशी ताडून पाहायचा आणि उमेदवाराला नाकारायचे. घरांच्या बाजारातही तेच. ओसाकात २००७ साली कळले की बिल्डरांसाठी जागेची पाहणी करणाऱ्या कंपन्या आपल्या अहवालात कोणता भाग बुराकूंचा ते सांकेतिक शब्दांत कळवत होत्या. फ्लॅटचा भाव त्यावर ठरत होता. घर घेणारे लोक नगरपालिकेत फोन करून 'हा भाग त्यांचा आहे का' असे विचारत. ओसाका प्रांताने २०११ मध्ये आपला नियम सुधारून अशा पाहण्यांवर बंधन घातले. देशपातळीवर बुराकू भेदभावाचे नाव घेणारा कायदा यायला डिसेंबर २०१६ उजाडला आणि त्यातही शिक्षा नाहीच.

म्हणजे तिथे एका घराचा भाव लोकसंख्या घटल्याने पडतो, दुसऱ्याचा व्याजदराने पडतो आणि तिसऱ्याचा शेजाऱ्याच्या जातीने पडतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पहिली दोन कारणे ठळक सापडतात. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते आणि तरीही बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. तिसरे कारण त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

रिकामी घरे असूनही ती न देण्याची कला जपान्यांनाही चांगली येते. २०१७ मध्ये तिथल्या न्यायखात्याने परदेशी रहिवाशांची पाहणी केली. मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळालेला होता. एकट्या म्हाताऱ्यांनाही घरमालक टाळतात. आपल्या देशाच्या शहरांत २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे कुलूपबंद होती. त्याच शहरांत आपल्या मुलाला आडनाव सांगताच 'कालच दिली खोली' हे उत्तर मिळते. दोन्हीकडे कमतरता घरांची नाही.

तर पुन्हा गाडीत येऊ. गोकुराकुबाशी या शेवटच्या स्थानकावर उतरून दोरीच्या गाडीने उरलेला कडा चढावा लागतो. वर गेल्यावर थंडी, उंच सुगीची झाडे आणि विहारच विहार. सुमारे पन्नास विहारांत प्रवाशांची राहण्या-जेवण्याची सोय होते, जेवण शाकाहारी असते. गावाची वस्ती तीन हजारांच्या आत आहे.

वेशीवर 'न्योनिन्दो' म्हणजे स्त्रियांचे मंदिर आहे. एकेकाळी स्त्रियांना या डोंगरावर पाय ठेवायची बंदी होती. इथवर यायचे आणि बाहेरूनच हात जोडायचे. १८७२ मध्ये सरकारने अशा बंद्या रद्द केल्या. आमच्या भगिनी मुद्दाम त्या दारातून आत-बाहेर करून आल्या. ओकुनोइनच्या प्रचंड दफनभूमीत हिंडताना दुभाष्याने आणखी एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये मेल्यावर विहाराकडून नवे धम्मनाम मिळते. कित्येक विहारांनी बुराकू मृतांना पशू किंवा नीच असा अर्थ दडलेली नावे दिली आणि ती दगडांवर कोरली. पुढे चळवळीने आवाज उठवल्यावर पंथांनी माफी मागितली, नावे बदलली. बुद्धाच्या देशात हे झाले म्हणून आम्ही खाली मान घालून चाललो. बाबासाहेबांनी आपल्याला आयता बौद्ध धर्म न देता बावीस प्रतिज्ञा का दिल्या, ते त्या दगडांमध्ये उमगते.

विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांपुढे उभे राहून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. दोन विद्यार्थी थांबून ऐकत राहिले. मावशींनी नायगावहून आणलेली निळी शाल पिशवीतून काढली आणि पुन्हा ठेवली. पुतळ्याला घालायची की नाही हे कुणाला विचारावे, ते त्यांना सुचेना. शेवटी आवारातल्या एका बाईने हाताने खूण करून परवानगी दिली.

परतताना मावशींनी पुन्हा घरांचा विषय काढला. स्वस्तात मिळते तर आपल्या माणसाने एखादे घ्यावे का? दुभाष्याने सरळ सांगितले की परदेशी माणसाला घर घ्यायला कायद्याने मनाई नाही. नगरपालिका 'अकिया बँक' नावाची रिकाम्या घरांची यादी ठेवते आणि दुरुस्तीला कुठे कुठे मदतही देते. पण घर घेतल्याने तिथे राहायचा परवाना मिळत नाही आणि त्या डोंगरात नोकरी नाही, मूल नाही म्हणून शाळा नाही.

"तुझं घर कुठं रे बाळा?" मावशींनी विचारले.

त्याचे भाड्याचे घर ओसाकात होते. तोकुशिमात आजीचे घर होते, सहा वर्षांपासून बंद. वारस नोंद झालेली नव्हती. वडील आणि चार भावंडे यांचे एकमत होत नव्हते. जपानमध्ये वारस नोंद सक्तीची नव्हती, ती १ एप्रिल २०२४ पासून झाली. आधीच्या वारसांना ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदत आणि विनाकारण टाळल्यास एक लाख येनपर्यंत दंड.

"करून टाक," मावशी म्हणाल्या. "आमच्या साताऱ्याकडच्या दोन खणांच्या घरावर अजून माझ्या आजेसासऱ्याचं नाव आहे."